जाळीखालचा अंबाडा

दुआर्नने या फ्रेंच बंदरावर राहणाऱ्या आझेनॉर केर्ब्राचं डोकं त्या उन्हाळ्यात ठिकाणावर नव्हतं. बाई कॉम्प्युटरवर माणसं घडवायची. गेमवाल्यांना चिलखती योद्धे, जाहिरातवाल्यांना जाडजूड स्वेटरातल्या पोरी. वीस वर्षं हेच. आता गावच्या संग्रहालयासाठी सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यातली जुनी कामगारीण करायला घेतली, आणि वीतभर जाळीच्या टोपीनं तिला रडकुंडीला आणलं. उजेड आरपार सोडला की टोपीचं धुकं व्हायचं, अडवला की प्लास्टिकची पिशवी. मेली टोपी काही टोपी होईना.

ही कामगारीण म्हणजे शेजारच्या सोआझिग मावशीची आई. मावशी अठ्ठ्याऐंशीची. हिवाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. त्याआधी तिला आई एकदा बघायची होती.

सात वेळा आझेनॉर लॅपटॉप घेऊन गेली. सातही वेळा मावशी पडद्याला नाक लावून म्हणाली, "ही नव्हे."

"अहो, नाक तुम्हीच दिलेल्या फोटोतलं, हनुवटी फोटोतली!"

"असेल. पण ही नव्हे."

"नुसतं नव्हे-नव्हे करून कसं चालेल? काय चुकलं ते तरी सांगा."

"मला काय विचारतेस? शिकलेली तू."

आझेनॉरनं वैतागून माउस ढकलला. आकृती गर्रकन फिरून पाठमोरी झाली.

"थांब," मावशी म्हणाली. "अंबाडा कुठाय?"

"पुसलाय."

"पुसलाय? मग टोपी काय भोपळ्यावर घातलीस?"

आझेनॉरनं कपाळाला हात लावला. कपड्याखालचं अंग पुसायचं, नाहीतर चालताना कातडी कपड्यातून बाहेर डोकावते, हा तिच्या धंद्यातला शिरस्ता. चिलखताखाली कोण बघतंय? तिनं सवयीनं केस पुसून तिथं तपकिरी रंग फासला होता आणि तीन महिने बिचाऱ्या जाळीला शिव्या घातल्या होत्या. स्वतःचाच तिला असा संताप आला की ती कॉफी न घेताच उठली.

पुढचे दहा दिवस तिनं केस केले. एकेक बट, घट्ट पीळ, अंबाड्यात खोचलेले चार आकडे. उजेड जाळीतून आत जाऊन केसांवर पडला, आणि जाळी आपोआप जाळी झाली.

आठव्या खेपेला तिनं आकृती पाठमोरीच ठेवली आणि चालवली. मावशीनं डोळे पुसले, पुन्हा पडद्याला नाक लावलं.

"ही," ती म्हणाली. "पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की अशीच निघायची. मी एवढीशी, खिडकीत असायची."

आझेनॉरचा आवाज जरा मऊ झाला. "मावशी, वळवू का तिला तुमच्याकडे?"

"नको गं. वळली असती तर मी भोकाड पसरलं असतं, आणि तिला उशीर झाला असता. जाऊ दे तिला."