मंदाच्या रिबिनी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवीपुढे उभी राहते तेव्हा देवीलाही नाही. तिथे तर तोंडच उघडत नाही माझं. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

सुरुवात रिबिनींपासून करावी लागेल. हसाल तुम्ही. रिबिनीवरून काय एवढं?

आम्ही तेव्हा जळगावात राहायचो. मंदा माझी लेक; तिचे वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. माणूस धुळ्यात वाढलेला, नटण्या-नटवण्याची हौस भारी. मी शिरपूरकडच्या खेड्यातली. पोरीच्या डोक्याला चपचपीत तेल, दोन घट्ट वेण्या, टोकाला काळे गोंडे, अंगात परकर-पोलकं — मंदा अशी दिसली की माझे डोळे निवायचे. यांना ते चालायचं नाही. यांना फ्रॉक हवा, आणि कानांवर रिबिनींची दोन मोठाली फुलं. लाल, पिवळी, आकाशी. पगार झाला की साटीनची रिबीन घरात यायचीच.

तेही एक वेळ चाललं असतं. पण हे काय करायचे — मी घातलेल्या वेण्या सोडायचे! ओट्यावर, चारचौघांत. मंदाला पुढ्यात बसवून, तेल पुसून, नव्यानं वेण्या वळून फुलं बांधायचे आणि म्हणायचे, "आता कशी माणसात आली! तुझ्या आईच्या हाती दिलं तर बाजाराला निघालेली गावठी पोर." शेजारणी हसायच्या. मंदाही हसायची. सात-आठ वर्षांची पोर, तिला काय कळणार?

मी आत चुलीपाशी जळत असायचे. आता खरं सांगते — राग रिबिनींचा नव्हताच. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं माझ्या अंबाड्याला कधी साधा गजरा आणला नव्हता. माझ्या केसांना कधी हात... जाऊ द्या. पोटच्या पोरीचा हेवा करत होते मी. बोलतानासुद्धा लाज वाटते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मंदाला मुदतीचा ताप आला. पोर हातची गेलीच होती. यांनी रजा टाकली. टांगा करून डॉक्टरांना घरी आणायचे, औषधाची वेळ चुकू द्यायचे नाहीत, कपाळावरची पट्टी स्वतः बदलायचे. मी नुसती रडत बसले होते. नवस बोलायचंही मला सुचलं नाही. हे नीट ध्यानात ठेवा — नवस मी बोललेच नव्हते. पोर उठली ती डॉक्टरांच्या औषधानं आणि बापाच्या हातानं.

श्रावणात कानबाईच्या सणासाठी आम्ही धुळ्याला गेलो. आमच्याकडे सगळे भाऊबंद एका घरी जमतात, देवी बसवतात, नैवेद्याचे रोट करतात. तिथेही यांनी सकाळीच मंदाच्या वेण्या सोडल्या आणि जावांसमोर तेच वाक्य म्हणाले. जावा तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. संध्याकाळी आरती झाली, सगळे बसले होते, आणि मी म्हणाले, "मंदाच्या तापात मी कानबाईला तिचे केस बोलले होते."

हे पांढरे पडले. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच. नवसापुढे कोण काय बोलणार? आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "बोलेल शे तर फेडनंच पडी, भाऊ." बोललेला नवस फेडायलाच हवा, झालं. दुसऱ्या दिवशी देवीच्या पाठवणीआधी न्हावी आला.

मला वाटलं होतं, पोर थयथयाट करील, हे भांडतील, आणि मी जिंकेन. पण मंदा गुमान बसली. सोडलेल्या रिबिनी तिनं मुठीत धरल्या होत्या. डोकं साफ झालं — कान केवढे दिसायला लागले तिचे! — आणि तिनं मला विचारलं, "आई, केस घेतले म्हणून देवीनं मला ठेवलं ना?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. कुणी तोंड दाबलं होतं माझं? मी "हो" म्हणाले.

केस परत आले, चांगले दाट आले. रिबीन मात्र घरात पुन्हा आली नाही. देवीला वाहिलेल्या डोक्यावर आता असले थेर नकोत, असं हेच म्हणाले. ओट्यावरचं बसणं थांबलं. बाप-लेकीचं जे काय बोलणं व्हायचं ते तेवढ्या वेळात व्हायचं, तेही थांबलं. आणि मला? मला मान मिळाला. नवस-सायासांची टिंगल करणारा हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "पोर हिनं वाचवली. डॉक्टर आपला निमित्ताला." एकदा गजराही आणला. मी तो माळला. गोड लागत होतं हो ते सगळं!

मंदाला शिरपूरजवळच्या एका गावात दिली. पहिली मुलगी झाली. वर्षाची होते न होते तोच तिला ताप भरला. जावई गाडी जुंपून शिरपूरला दवाखान्यात निघाले होते. मंदानं अडवलं. "माझ्या आईनं मला राखलं, तसं मी हिला राखीन," म्हणाली. पोरीचं जावळ ती देवीला बोलली, अंगारा लावला आणि ताप उतरायची वाट बघत बसली. शेवटी जावयांनी न विचारता गाडी काढली, पण तोवर पोरीचं अंग गार पडायला लागलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मंदा भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुझं ऐकलं देवीनं. माझं का नाही ऐकलं? माझ्या बोलण्यात काय खोट होती?"

खोट कुठे होती ते मला ठाऊक होतं. हे माझ्या शेजारी उभे होते, जावई दारात. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी मंदाला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मनापासून बोलावं लागतं, बाई."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.