आखूड रेघेच्या बाजूने

लिंडेनबर्गमध्ये लांबी-रुंदीवरून वाद झाला की तो एल्विन राऊशकडे नेला जाई. पेनसिल्वेनियातल्या आमच्या या कॉलेजच्या गावात तो अर्धे आयुष्य सुतारकाम करीत आला होता. फळीकडे नुसते पाहून ती किती भरेल हे तो सांगे, आणि गावाने हा त्याचा गुण म्हणून नव्हे, तर स्वतःची सोय म्हणून स्वीकारला होता. अशा माणसाने चारचौघांत आखूड रेघ लांब रेघेएवढीच असल्याचे ठासून सांगावे, यासाठी तसेच भक्कम कारण हवे. ते मानसशास्त्राने पुरवले.

कॉलेजातले प्राध्यापक लेव्हिट माणसे घोळक्यामागे का जातात याचा अभ्यास करीत होते. दुसरे महायुद्ध संपून सहा-सात वर्षे झाली होती. शेजारी ‘हो’ म्हणाला म्हणून आपणही ‘हो’ म्हणत गेले की देशाचे काय होते, हे सर्वांनी पाहिले होते. त्यामुळे प्रश्न पोरकट नव्हता. पद्धत मात्र पोरखेळासारखी दिसे. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी त्या एकटीएवढी कोणती ते मोठ्याने सांगायचे. टेबलाभोवती सहा जण. त्यांतले पाच आधीच फितवलेले. खूण मिळताच ते एकामागून एक तेच चुकीचे उत्तर देणार. ज्याला यातले काही ठाऊक नाही तो सहावा शेवटी बोलणार. तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो की शेजाऱ्यांवर, एवढेच पाहायचे. विद्यार्थ्यांवर हे करून झाले होते. आता गावातली जाणती माणसे हवी होती, आणि फितवलेल्या पाचांत एल्विन.

“मी कशाला? मी सुतार आहे, प्रोफेसर!”

“म्हणून तर! तुम्ही चुकाल असं कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही.”

या स्तुतीत एल्विन अडकला. प्रयोग महिनाअखेरीस संपेपर्यंत कुणाजवळ बोलायचे नाही, असा त्याने हात मिळवून शब्द दिला. बायकोला, वर्नाला, सांगण्याची तेवढी सवलत मागून घेतली, कारण घरी सराव करणे भाग होते.

“वर्ना, हा चमचा आणि ही पळी… सारख्याच लांबीची आहेत.”

“चेहरा बघ तुझा! कुणी वारल्यासारखं काय सांगतोस?”

“जमत नाही गं. जीभ अडते.”

“लग्नाआधी माझ्या आईच्या सूपला छान म्हणालास, तेव्हा नाही अडली?”

त्या आठवणीने त्याची जीभ सुटली. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग एका गुरुवारी सहाव्या खुर्चीवर क्लेटन किस्लर येऊन बसला.

क्लेटन हा आमच्या चर्चच्या बांधकाम समितीचा अध्यक्ष. चर्चमध्ये व्यासपीठाला नवा वळणदार जिना व्हायचा होता, आणि तो आपल्या हातून व्हावा ही एल्विनची कैक वर्षांची इच्छा होती. त्याच्या आजोबांनी केलेला जुना जिना वाळवीने खाल्ला होता. काम कुणाला द्यायचे हे समिती त्याच महिन्यात ठरवणार होती.

एल्विनची पाळी सर्वांत आधी. खूण झाली. समोर तिघींतली पहिली रेघ इतकी आखूड होती की तिची कीव यावी.

“पहिली,” एल्विन म्हणाला.

“पहिली,” बाकीचे चौघे म्हणाले.

क्लेटनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, एल्विनकडे पाहिले. “पहिलीच म्हणायची,” तो पुटपुटला. पुढेही प्रत्येक वेळी तो असाच मागोमाग गेला.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात मात्र त्याला कंठ फुटला. “बिचारा एल्विन! डोळे गेले हो त्याचे. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी आपला होला हो करत होतो.”

“आणि बाकीचे?” न्हाव्याने विचारले.

“मेंढरं! एकालाही स्वतःची अक्कल नाही.”

बातमी संध्याकाळच्या आत वर्नापर्यंत पोचली.

“जा आणि सांगून टाक,” ती म्हणाली. “जिना जाईल हातचा.”

“शब्द दिलाय मी.”

“खोटं बोलायचा शब्द! आणि तो असा इमानाने पाळतोय, जसा काही बायबलवर हात ठेवलाय!”

 पण एल्विन क्लेटनकडे गेला नाही.

समितीच्या बैठकीला त्याला दाराजवळच्या बाकावर बसवले होते. कॉफी आणि काकवीचा केक फिरला. क्लेटनने दृष्टी ही देवाची देणगी असून ती केव्हाही परत घेतली जाते, अशा आशयाचे लांबलचक भाषण केले आणि आपले मत दिले: “शहरातली कंपनी.” त्यानंतर औषधवाला रोथ. त्याच्या दुकानातली सगळी कपाटे एल्विनच्या हातची. त्याने केककडे पाहिले. “कंपनी.” मास्तर हॅल्डमन ज्या खुर्चीवर बसला होता तीही एल्विननेच घडवलेली. “कंपनी,” तो म्हणाला, आणि खुर्ची करकरली नाही हा तिचा चांगुलपणा.

चौथी टिली मोयर, वय ऐंशीच्या पुढे. क्लेटन बोलायला उठला की बॅटरी वाचवण्यासाठी ती कानातले यंत्र बंद करीत असे; आजही केले होते. शेजारच्याने कोपराने ढोसले.

“काय? जिना ना? एल्विन करेल की! माझ्या तळघराचा त्यानेच केलाय. लोणच्याच्या बरण्या घेऊन रोज उतरते, अजून पडले नाही.”

“टिली मावशी!” क्लेटन ओरडला. “आधी बाकीच्यांचं मत तरी ऐका!”

“बाकीच्यांचं मला ऐकू येत नाही रे बाळा.”

 मग पाचवा घसा खाकरून म्हणाला, “माझंही एल्विन.” सहावा आणि सातवा तर पाळीची वाटही न पाहता बोलले. मत बदलता येईल का, असे रोथने हळूच विचारले.

दाराजवळ एल्विन गुडघ्यांवर हात ठेवून थक्क होऊन बसला होता. पाचांच्या एकीपुढे माणूस वाकतो, आणि एकाने जरी वेगळे म्हटले तरी ताठ होतो, हे प्राध्यापकांनी त्याला पुठ्ठे दाखवून समजावले होते. पण ते जिन्याबाबत घडताना पाहणे वेगळे होते. त्यातला अवघड भाग असा की, यंत्र चालू असते तर टिली मावशी काय म्हणाली असती, हे कुणालाच सांगता येणार नव्हते.

महिनाअखेरीस प्राध्यापकांनी सर्वांना बोलावून खरे काय ते सांगितले. क्लेटन शेवटपर्यंत टोपीच्या कडेशी चाळा करीत राहिला. नंतर कित्येक रविवार तो एल्विनशी बोलला नाही.

जिना तयार झाल्यावर एल्विनने तो आधी आपल्या कारखान्यात उभा केला आणि समितीला पाहायला बोलावले. एकेक जण चढून उतरला. छान, छान, छान. शेवटी क्लेटन. तो तिसऱ्या पायरीवर थांबला, खाली आला, पुन्हा चढला. 

“मला… ही जरा उंच वाटते.”

“छे!” रोथ म्हणाला. “सगळ्या सारख्या आहेत.”

“अगदी सारख्या,” हॅल्डमन म्हणाला.

क्लेटनने चष्म्याला हात घातला. पण या वेळी तो काढला नाही. “उंच आहे,” तो म्हणाला.

एल्विनने पट्टी लावून पाहिली. नखभर फरक होता. तो दाबून टाकणे सोपे होते. सगळे त्याच्याच बाजूने होते.

“क्लेटन, तुझं बरोबर आहे.”

क्लेटनने त्याच्याकडे संशयाने पाहिले. “खरंच? की पुन्हा तुमचा तो प्रयोग?”

 एल्विनने हातोडी घेतली आणि तिसरी पायरी खोलायला बसला.