हवा काढा, काका!

हा किस्सा मी होऊन कुणाला सांगत नाही. पण आमच्या नात्यातलं कुणीतरी तुम्हाला सांगणारच, तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. घ्या, आधी चहा घ्या.

माझी सगळी नोकरी देहूरोडच्या डेपोत गेली. काम काय? टायरच्या स्टोअरमध्ये टायर मोजायचे आणि लिहून ठेवायचे. बस्स! पण नातेवाइकांचा समज असा, की मला गाड्यांमधलं सगळं कळतं. आणि खोटं कशाला बोलू, तो समज मीच पसरवला होता.

आमची जीप जुनी, डिझेलवरची. आदल्याच दिवशी तिचा डिझेल फिल्टर मी स्वतःच्या हातांनी बदलला होता. मिस्त्री कशाला लागतो एवढ्यासाठी?

सकाळी आईच्या माहेराहून, उर्शाहून, मामेभावाचा फोन आला. मामा गेले. आईचा एकुलता एक थोरला भाऊ.

"दादा, आत्याला घिऊन या. तिनं तोंड बघितल्याबिगर आमी उचलत न्हाई. पर बारा वाजेपतुर. त्याच्याम्होरं लोक थांबायची न्हाईत."

ऐंशी वर्षांच्या आईला जीपमध्ये बसवलं आणि तुंगार्लीहून निघालो. वाटेत मामाच आठवत होते. मामांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेल्या.

कार्ला फाटा मागे पडला आणि जीप गचके खायला लागली. धूर काय, थरथर काय! कामशेतच्या अलीकडे बंदच पडली. साडेदहा वाजलेले. मी लोणावळ्याच्या बाळू मिस्त्रीला फोन लावला.

"काका, फिल्टरला कुणी हात लावलाय का?"

"मीच बदलला."

"मग हवा धरली बघा. हवा काढा."

"सगळी?"

"सगळी! जरा जरी राहिली तर गाडी चालायची न्हाई. आणि मग पंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत."

रेंज गेली.

आता तुम्हीच सांगा, जन्मभर टायर मोजलेल्या माणसाला 'हवा' म्हटल्यावर दुसरं काय आठवणार?

बसलो उकिडवा. फुस्स! जीप एका अंगाला कलली. आईनं मान बाहेर काढली.

"काय करतुयास रं?"

"हवा काढतोय."

"विंजन बंद पडल्यावर चाकाची हवा काढत्यात व्हय?"

"आई, तुला यातलं काही कळत नाही!"

काढली. चारही चाकांची काढली. स्टेपनीची पण काढली, सगळी म्हणाला होता ना! मग शेजारच्या घरातून सायकलचा पंप मागून आणला आणि घामाघूम होईपर्यंत मारला. टायर ढिम्म. रेंज आली तसा पुन्हा फोन.

"बुडबुडे थांबले का, काका?"

"वॉल्व्हला थुंकी लावून बघितली. एकही नाही."

"थुंकी?" बाळू ओरडला. "काका, हवा कुठनं काढली तुम्ही?"

"टायरमधून."

"अहो, डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढायची! फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून! हातपंप तिथंच असतो!"

सव्वाअकरा. इंजिन आता सुरू झालं असतं, तरी जीप जाणार कशावर?

"माझा दादा थांबलाय रं," आई म्हणाली आणि रडायला लागली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दुधाचा टेम्पो अडवला. आई पुढे, मी मागे दुधाच्या कॅनांच्या मधे.

पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पण मामांना उचललं नव्हतं. आईनं भावाचं तोंड बघितलं, गालावरून हात फिरवला आणि गळा काढला. आमच्याकडच्या बायका गळा काढतात म्हणजे गेलेल्याला सगळं सांगतात. सगळं!

"दादा रंऽ, तुला लय ताटकळत ठिवलं रंऽ... तुज्या भाच्यानं हवा काढली रंऽ... चारी चाकांची काढली रंऽ... पाचव्याची बी काढली रंऽऽ!"

अख्खं उर्से अंगणात. बायकांनी पदर तोंडात कोंबले. खांदे गदगदा हलत होते, आता रडून की हसून, देव जाणे! मी मात्र खरंच रडत होतो.

एक म्हातारे आबा जवळ आले. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "उगी, भाऊ, उगी. गेलेलं माणूस काय परत येत न्हाई."

मला हुंदका आवरेना.

"हवेचं तसं न्हाई," आबा गंभीरपणे म्हणाले. "ती भरता येती."