चौदा नंबरची घागर

दुपारी बाराला घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पुराचं पाणी होतं. एकच्या सुमाराला कोणीतरी ओरडत वर आलं, की छातीला लागलं. घागर गल्लीच्या खालच्या तोंडाशी फुलं घेऊन बसणाऱ्या मैनानं पाटीतला झेंडू पोत्यात भरला, तराजू गुंडाळला आणि समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. त्या दाराची किल्ली अकरा वर्षं तिच्या कमरेला होती.

दार होतं एका जुन्या पिठाच्या गिरणीचं. गिरणी बंद पडली आणि १९९७च्या पाडव्याला त्या दोन खोल्यांत यादवमास्तरांनी गल्लीचं संग्रहालय उघडलं. यादवमास्तर म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर ते गल्लीतल्या घराघरांतून वस्तू मागत हिंडले. एके काळी या उताराच्या गल्लीत सकाळी सहापासून तांब्यावर हातोडे पडायचे. घागरी, हंडे, बंब इथून पार वणी-दिंडोरीच्या बाजाराला जायचे. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, आणि एकेक करत हातोडे थांबले. मास्तरांनी गोळा केलेल्या वस्तू त्रेसष्ट. ऐरणी, साचे, भाते, लग्नाचे फोटो, एका घरची पाळण्याची साखळी, एका म्हातारीची नथीची डबी.

मैना मखमलाबादची, माळ्याची लेक. नवरा गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी फुलं विकायला बसली ती बसलीच. मास्तर म्हणाले, "मैना, तू दिवसभर समोरच असतेस. किल्ली तूच ठेव." तिला वाचता जेमतेम यायचं. पण कोणती वस्तू कोणत्या घरची, कोणी दिली, देताना काय बोललं, हे तिला तोंडपाठ होतं. पाहुणे आले की ती हात पुसून उठायची आणि सगळं सांगायची. मास्तरांचे पाय थकले, ते दिंडोरीला लेकीकडे राहायला गेले. तेव्हापासून कारभार संग्रहालयाच्या समितीतल्या भारतभाऊंकडे आला. त्यांचं गल्लीच्या वरच्या टोकाला भांड्यांचं दुकान. मोठ्या काचेच्या कपाटाची किल्ली ते स्वतःजवळ ठेवायचे. मैनाला त्यांनी एकदाच बजावलं होतं, "बाई, दार उघडायचं, झाडायचं. वस्तूंना हात लावायचा नाही."

आणि आज भारतभाऊ विंचूरला गेले होते.

मैनानं कोपऱ्यावरच्या फोनवरून तीनदा लावून पाहिलं. लागेना. खाली नदीचा, गंगेचा आवाज बदलला होता. सकाळी खळखळ होती, आता नुसती घरघर येत होती, आणि गढूळ मातीचा वास गल्लीत चढत होता. घाटावरचे दुकानदार टपऱ्यांना दोर बांधून पळत वर येत होते. "अजून सोडणार आहेत धरणातून," एक जण जाता जाता म्हणाला. "मैनाबाई, तुम्ही निघा!"

तिनं दार उघडलं.

भिंतीवरचे फोटो उतरवणं सोपं होतं. ऐरणी जड, पण बुडाल्या तरी वाहून जाणार नव्हत्या. प्रश्न होता काचेच्या कपाटाचा. त्यात डब्या होत्या, कागद होते, आणि मधल्या फळीवर पुंजा तांबटांची अर्धी ठोकलेली घागर होती. पुंजाबुवा गल्लीतले शेवटचे कारागीर. त्या घागरीवर काम करता करताच ऐरणीवर कलंडले आणि गेले. घागरीच्या एका अंगाला हातोड्याचे बारीक ठसे ओळीनं उमटलेले, दुसरं अंग कोरं. लोक तिच्यापाशीच सगळ्यात जास्त वेळ उभे राहायचे.

मैना कपाटासमोर उभी राहिली. हात लावायचा नाही. तिच्या पायाला काहीतरी गार लागलं. उंबऱ्याखालून पाण्याची एक जीभ आत आली होती.

तिनं तराजूचं एक किलोचं वजन उचललं आणि काचेवर हाणलं.

काच फुटल्याचा आवाज ऐकून नऊ नंबरच्या सावित्रीबाई धावत आल्या. "अगं, काय केलंस हे?"

"बोलू नका, पदर पसरा," मैना म्हणाली.

"पण नेणार कुठे एवढं?"

हा विचार मैनानं केलाच नव्हता. वरच्या देवळात घाटावरची बिऱ्हाडं शिरली होती. भारतभाऊंचं दुकान बंद. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ज्याची त्याच्या घरी. मी सांगते, तुम्ही पोचवा."

आणि ती सांगत सुटली. ही डबी तीन नंबरला. हा साचा अकराला, थोरल्या भावाच्या घरात, धाकट्याच्या नाय. ही साखळी सावित्रीबाई, तुमचीच. ज्यांची घरं खालच्या अंगाला होती त्यांच्या वस्तू वरच्यांच्या माडीवर. बायका, पोरी, दोन रिक्षावाले, जो येईल त्याच्या हातात ती वस्तू ठेवायची आणि घर सांगायची. घागर मात्र तिनं कोणाला दिली नाही. स्वतः छातीशी धरून चौदा नंबरला चढून गेली. पुंजाबुवांची बायको रंगूबाई दारातच उभी होती. तिनं दोन्ही हात पुढे केले, घागर घेतली आणि आत गेली.

मैना परत खाली आली तेव्हा खोलीत गुडघाभर पाणी होतं. आता फक्त मास्तरांची पेटी राहिली होती. प्रत्येक वस्तूची हकीकत त्यांनी आपल्या हातानं लिहून त्यात ठेवली होती. पेटी मागच्या खोलीत, उंच फळीवर. सावित्रीबाई बाहेरून ओरडल्या, "राहू दे ती! ये बाहेर!" पण मैना आत शिरली होती.

पेटी डोक्यावर घेऊन ती वळली आणि पाहते तो काय, रिकामं झालेलं कपाट तरंगत येऊन मधल्या दारात आडवं अडकलं होतं. तिनं खांद्यानं रेटलं. हललं नाही. पुन्हा रेटलं. पाणी कमरेला आलं. खिडकीला गज होते. "सावित्रीबाई!" तिनं हाक मारली, पण पाण्याच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. पायाच्या तळव्यात काचेचा तुकडा घुसला होता, तो आता जाणवायला लागला. रेटून उपयोग नव्हता, जेवढं रेटावं तेवढं ते घट्ट बसत होतं. मग तिच्या लक्षात आलं, की बाहेर ढकलायचं नाही, आत ओढायचं. एका हातानं पेटी सावरत तिनं कपाटाचा पाय धरला आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. कपाट कुरकुरलं, गर्रकन फिरलं, तिच्या बरगडीला लागलं आणि आत आलं. दारात वीतभर फट पडली. तिच्यातून ती बाहेर कशी आली ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. सावित्रीबाईंनी तिला दंडाला धरून ओढत पायरीवर घेतलं. पेटीचं फक्त बूड भिजलं होतं.

पूर ओसरला. गल्लीच्या खालच्या भागात मांडीएवढा चिखल राहिला. चौथ्या दिवशी भारतभाऊ यादी घेऊन घरोघर फिरले. मैना पाय ओढत मागून. बासष्ट वस्तू मिळाल्या. चौदा नंबरला रंगूबाईनं दार अर्धंच उघडलं.

"घागर?" ती म्हणाली. "माझ्याकडे नाही आली."

मैना पायरी चढून पुढे झाली. "अवो रंगूबाई, मी तुमच्या हातात..."

दार लागलं.

भारतभाऊंनी यादीत घागरीपुढे खूण केली. मग हळू म्हणाले, "काच तुम्ही फोडली. किल्ली तुमच्याकडे. आणि नेमकं तांबंच गेलं. लोक मला विचारणार, मैनाबाई."

लोकांनी विचारलंही, पण भारतभाऊंना नाही. आपसांत. हार घ्यायला येणाऱ्या बायका आता फुलं घेऊन लगेच निघायच्या. मोडीत घातली असेल, असं कोणीतरी बोललेलं तिच्या कानावर आलं. समितीनं रविवारी बैठक बोलावली. मास्तरांनाही दिंडोरीहून आणणार होते. शनिवारी दुपारी मैना चौदा नंबरला गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

रंगूबाई मांडीवर घागर घेऊन चिंचेनं घासत होती. मैनाला पाहून ती दचकली नाही.

"मला चोर म्हणत्यात," मैना म्हणाली.

"मग सांग जा त्यांना. येऊ दे न्यायला. मी देणार नाही." रंगूबाईचा हात थांबला नव्हता. "यांचं तेरावं होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा मास्तर आला मागायला. मला कशाचं भान नव्हतं. ने म्हटलं. मग अकरा वर्षं ती काचेत. मी यायचे बघायला, आठवतं? एकदा म्हटलं, जरा हातात घेऊ दे. तू काय म्हणालीस?"

मैनाला आठवलं. "हात लावायचा नाय, असं सांगितलंय," असंच ती म्हणाली होती. तिला खाली बसावंसं वाटलं, पण ती बसली नाही. तशीच निघाली.

रविवारी भारतभाऊंच्या दुकानाच्या माडीवर बारा माणसं जमली. मास्तर खुर्चीत, अंगावर शाल. भारतभाऊंनी त्रेसष्ट वस्तूंची यादी वाचली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. सगळे मैनाकडे पाहू लागले. गप्प राहिली तर नाव तिचं जाणार होतं. बोलली तर म्हातारीच्या दारात ही बारा माणसं उभी राहणार होती.

"घागर चौदा नंबरला हाय," ती म्हणाली. "मीच दिली. तिची होती, तिला दिली. आता कोणाला आणायची आसंल त्यानं जाऊन आणावी. मी त्या दारात मागायला जाणार नाय."

भारतभाऊ ताडकन उठले. "म्हणजे रंगूबाई खोटं बोलली? मी आत्ताच जाऊन..."

"बस, भारत." मास्तरांचा आवाज बारीक झाला होता, तरी माडी गप्प झाली. "तेरावं झाल्या झाल्या मागितली होती मी," ते म्हणाले. "दुसरा कोणी नेईल म्हणून घाई केली. तिनं कशी दिली, का दिली, तेव्हा मी विचारलं नाही."

"मग मधली फळी रिकामी ठेवायची?" भारतभाऊंनी विचारलं. "लोक तेवढीच बघायला येतात, मास्तर."

"येऊ देत ना. घर काही लांब नाही."

त्यावर तासभर वाद झाला. दोघे जण रागावून उठून गेले. शेवटी मास्तरांचं म्हणणं राहिलं. भारतभाऊंनी मैनाची माफी मागितली नाही, पण काचेचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या तळव्याची पट्टी बदलायला म्हणून त्यांनी आपल्या सुनेला मलम देऊन पाठवलं.

२००९च्या फेब्रुवारीत संग्रहालय गल्लीच्या वरच्या अंगाला, भाड्याच्या एका खोलीत पुन्हा उघडलं. मधल्या फळीवर मास्तरांच्या थरथरत्या अक्षरांतला कागद होता: पुंजा तांबट यांची घागर त्यांच्या घरी आहे, घर नंबर चौदा, सकाळी दहानंतर. भारतभाऊंनी मैनाला किल्ली देऊ केली. "किल्ली तुमच्याजवळच राहू द्या," ती म्हणाली. "माणसं मी नेईन."

पहिल्या दोन खेपांना रंगूबाईनं दार उघडलं नाही. मैना पाहुण्यांना घेऊन परतली. तिसऱ्या खेपेला कॉलेजच्या पाच-सहा मुली होत्या. मैनानं कडी वाजवली आणि बाजूला झाली. आतून पावलं आली, थांबली. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

"चपला बाहेर," रंगूबाई म्हणाली. मुली आत जाऊन सतरंजीवर बसल्या. तिनं घागर आणून पहिल्या मुलीच्या मांडीवर ठेवली, तिचा हात धरला आणि बोटं त्या बारीक ठशांवरून फिरवली. "हळू," ती म्हणाली. "इथून मोज. कुठे थांबलेत ते कळेल." मग मान वळवून दाराकडे पाहिलं. "तू का बाहेर उभी? ये की आत."