सुगंधाबाईचा अंगठा

“बाईमाणसाच्या अंगठ्यात जोर तो किती असणार?” असं रुपचंदशेठ म्हणाला. तेही चहाच्या सुट्टीत, वर्कशॉपातल्या आठही बाया पेले हातात धरून उभ्या असताना.

सुगंधाबाईनं आपला पेला टेबलावर असा आपटला की अर्धा चहा बाहेर आला.

“काय म्हनात शेठ? आखो एकदाव सांगा.”

शेठनं तेवढं वाक्य पुन्हा म्हणायचं टाळलं आणि बातमी सांगितली. शिरपूरच्या मुलींच्या एका वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीचा वरचा पल्ला आपोआप आत कोसळला होता. खाली खाटेवर एक पोरगी परीक्षेचा अभ्यास करत होती. तिनं डोकं वाचवायला हात वर केला आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. बबलू जाऊन पाहून आला होता. बबलू म्हणजे शेठचा भाचा, तयार खिडक्या गावोगाव नेऊन बसवणाऱ्या फिटरांचा मुकादम. त्याचं म्हणणं असं की, सुगंधाबाईनं अंगठ्यानं दाबलेला लॅच धुळ्याच्या वर्कशॉपातूनच ढिला आला होता.

“तेव्हा उद्यापासून लॅचच्या टेबलावर ड्रिल मशीन येईल,” शेठ म्हणाला. “प्रत्येक लॅचला दोन-दोन स्क्रू. ते काम गडीमाणूस बघेल. तुम्ही काचा पुसायला बसा, सुगंधाबाई.”

तिच्या कानशिलातून वाफ निघाली. अकरा वर्षं झाली होती तिला या वर्कशॉपात. झाडायला म्हणून आली होती, आणि लॅचचं टेबल तिनं स्वतःच्या हातानं मिळवलं होतं.

तिच्या रागाची ख्याती शिंदखेडा तालुक्यातल्या तिच्या माहेरी अजून सांगतात. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याचा काका कुरकुरला की मुलीवाल्यांची बट्टी आतून कच्ची आहे. वाढपी गप्प, बाप गप्प, आचारी तर पार चुलीमागं. हळदीच्या अंगानं नवरी उठली, पंगतीत शिरली, काकाच्या पत्रावळीतली बट्टी उचलून दोन्ही हातांनी त्याच्यासमोर फोडली आणि म्हणाली, “देखा! कोठे कच्ची शे?” बट्टी आतपर्यंत खरपूस होती. काकानं मुकाट्यानं तूप मागितलं. पुढं वीस वर्षं तो सुनेला घाबरून राहिला, पण तिचा राग काही तेवढ्यानं निवला नाही. बाप का गप्प बसला, यावर ती अजून चिडते.

तर हे लॅच. तीन वर्षांपूर्वी शेठनं नवीन तऱ्हेच्या प्लास्टिकच्या खिडक्या सुरू केल्या. वरखाली सरकणाऱ्या, आणि पुसायच्या वेळी पल्ला आत वाकवता येणाऱ्या. खानदेशची धूळ बाहेरून काचेवर बसते, तिसऱ्या मजल्यावर बाहेरून पुसणार कोण? पल्ल्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत एकेक लॅच असतो. त्याची जीभ बाजूच्या चौकटीच्या खाचेत घुसलेली, म्हणून पल्ला उभा. दोन्ही बटणं आत ओढली की जिभा मागं येतात आणि पल्ला अंगावर झुकतो. या लॅचला स्क्रू नसतो. पल्ल्याला वरून एक घर कापलेलं असतं, त्यात लॅच ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबायचा. खाली त्याला पातळ पाय असतो. तो आत जाताना दबतो आणि आत पोचला की उघडून कडेखाली अडकतो. टक असा आवाज येतो. तो आला की काम झालं. पोकळ प्लास्टिकला भोक नाही, आत पाणी नाही, गंज नाही.

पहिल्या डिसेंबरात लॅचचे पाय पटापट तुटले. शेठ माल विकणाऱ्याला शिव्या घालत फोनवर, आणि इकडं सुगंधाबाईनं सगळे लॅच गोणपाटावर उन्हात पसरले, कुरडया वाळत घालतात तसे. तासाभरानं प्लास्टिक नरमलं, मग एकही पाय तुटला नाही. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. दुपारी पल्ल्याचं घर सैलावतं आणि टक आवाज नीट कळत नाही, म्हणून ती चैत्रापासून सकाळी सातला येऊन नऊच्या आत दाबून मोकळी व्हायची. शेठ आधी हसला, मग गिऱ्हाइकांना सांगू लागला, “आम्ही लॅच हवामान बघून बसवतो.” आम्ही! ती ऐकायची आणि दात खायची. पहिला लॅच बसवला तेव्हा तिनं त्याला तेलाचा पाच लिटरचा डबा पाणी भरून दिवसभर टांगून ठेवला होता. तो हलला नव्हता.

आणि आता म्हणे जोर किती असणार.

दुसऱ्या दिवशी ती काचा पुसायला गेली नाही. पिशवीत पेचकस आणि नवे चार लॅच टाकले आणि शिरपूरची एस.टी. धरली. सोनगीर गेलं तरी तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. शेजारची म्हातारी विचारत होती, “कोठे जाई ऱ्हायनी, माय?” ती म्हणाली, “भांडाले.” म्हातारीनं सरकून जागा दिली.

वसतिगृहाच्या रेक्टर हेमलता मॅडमनी तिला दारातच थांबवलं.

“कंपनीचं माणूस येणार होतं. तुम्ही कोण?”

“मीच ती. लॅच मी दाबेल शेतस.”

मॅडमचा चेहरा कडक झाला. “तुम्ही? अहो, पोरीची बोटं मोडली! डोक्यात पडलं असतं तर?”

“म्हनीसनच उनी. माले दखाडा.”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पल्ला भिंतीला टेकवून ठेवला होता. सुगंधाबाई गुडघ्यावर बसली. लॅच जागच्या जागी होता, तिनं दाबला होता तसाच. पण त्याच्या डोक्यातून एक चकचकीत स्क्रू आरपार गेला होता. तिनं शेजारची खिडकी पाहिली. स्क्रू. त्याच्या पलीकडची. स्क्रू. दोन खोल्या, चार खोल्या, जिथं पाहावं तिथं स्क्रूची डोकी तिच्याकडं टकामका बघत होती.

“कोनी ठोकात ह्या स्क्रू?”

“तुमच्याच बबलूंनी,” मॅडम म्हणाल्या. “झालेलं काम ताब्यात घ्यायला आमचे एक ट्रस्टी आले होते. त्यांनी लॅचवरून हात फिरवला, म्हणाले, स्क्रू कुठाय? नुसतं चिकटवलंय की काय? सही करत नव्हते. बबलू म्हणाले, दुपारपर्यंत लावून देतो.”

सुगंधाबाईनं पिशवीतून पेचकस उपसला. मॅडम एक पाऊल मागं सरल्या.

“देखा मॅडम,” ती म्हणाली, आणि पेचकस स्क्रूला लावला. “बटन ओढीसन सोडा. जीभ किती बाहेर येस, देखा.”

मॅडमनी बटण ओढून सोडलं. जीभ अर्धीच बाहेर आली. सुगंधाबाईनं स्क्रू फिरवत काढला. त्याचं टोक आत स्प्रिंगच्या वाटेत घुसून बसलं होतं. तो निघाला तशी जीभ फटकन पूर्ण बाहेर उडाली, मॅडमच्या बोटाला लागली.

“अगं बाई!”

“सकायना अर्धी जीभ पुरस. दुपारले उन्हमा चौकट फुगस, अर्धी जीभ सटकस. मंग पल्ला पोरना अंगवर.” तिचा आवाज चढत गेला. “स्क्रू नव्हता म्हनीसन नही पडना, मॅडम. स्क्रू होता म्हनीसन पडना! लावा फोन शेठले. मोठा आवाजमा लावा.”

फोन लागला. मॅडमनी जे पाहिलं ते सांगितलं.

“बरं, झालं ते झालं,” शेठ म्हणाला. “या परत, सुगंधाबाई. टेबल तुमचंच. बबलू घरचा पोरगा आहे, त्याला मी समजावतो.”

“तो घरना, आनि मी उकिरडावरनी का? शेठ, ज्या तोंडे म्हनात, त्याच तोंडे त्याच आठ बायासपुढे म्हना. तवपावत एक लॅच दाबनार नही.”

तिनं फोन बंद करायला मॅडमच्या हातात दिला आणि पिशवी उचलली.

पुढच्या सकाळी सातला ती वर्कशॉपात आली तर तिच्या टेबलावर ड्रिल मशीन बसलं होतं. तिनं ते काढलंही नाही, त्याच्याकडं पाहिलंही नाही. पालथ्या क्रेटवर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसली. गोणपाट गुंडाळलेलं. पल्ले येऊन टेबलाशी थप्पी लागायला लागली.

योगराज सुपरवायझर आला. “अक्का, माल अडलाय.”

“अडू दे.”

“दुसऱ्या कोणाला बसवू का मग? कमलबाई, तुम्ही…”

कमलबाई काचेला रबर लावत होती. तिनं रबर खाली ठेवलं. “माफ करा भाऊ, मन्हाबी अंगठा आज दुखी ऱ्हायना.” मग रांगेतल्या सगळ्यांचेच अंगठे दुखायला लागले. एक जण म्हणाली, बाईमाणूस पडलो, जोर तो किती असणार. हशा पिकला, पण सुगंधाबाई हसली नाही.

साडेदहाला शेठ आला. थप्पी पाहिली, घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरकडं तोंड करून म्हणाला, “लॅच बरोबर बसले होते. चूक आमच्याकडून झाली.”

“शेठ, तिकडे भिंत शे,” सुगंधाबाई म्हणाली. “आम्ही इकडे शेतस.”

शेठ वळला. मानेपर्यंत लाल झाला होता. त्यानं तेच वाक्य बायांकडं बघून म्हटलं.

“आनि अंगठानं?”

“अंगठ्यात जोर आहे,” शेठ म्हणाला. “झालं?”

“नही झायं. शिरपूरना बठ्ठा लॅच खराब व्हई गयात, भोकं पडनात त्यासले. नवा बसाडना पडतीन. बबल्या दाबी. मी देखसू.”

वसतिगृहात बेचाळीस खिडक्या, एकेकीला चार लॅच. बबलू दोन फिटर घेऊन आला, पण सुगंधाबाईनं त्यांना फक्त पल्ले उतरवायला लावलं. दाबायचं बबलूनं. पहिले दहा त्यानं शिटी वाजवत दाबले. पंधराव्यानंतर शिटी थांबली. तिसाव्याला त्यानं अंगठा तोंडात घातला.

“मावशी, हातोडीनं एक हळूच ठोका देऊ?”

“ठोकशी तर त्यान्हा पाय तुटी जाई. दाब.”

“मावशी, मी काय मुद्दाम केलं का? ते सही करत नव्हते.”

“सही त्यासनी, स्क्रू तुन्हा, आनि नाव मन्हं! खोटं बोलाले शेठकडे गया, तधळ नही दुखं तुन्हं तोंड? दाब!”

टक. टक. दुपार झाली तसं तिनं काम थांबवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी बबलूच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. तिनं त्याला दुसऱ्या हातानं दाबायला लावलं.

शेवटची खोली त्या पोरीची. तिथले चार लॅच सुगंधाबाईनं बबलूला शिवू दिले नाहीत. स्वतः दाबले, पल्ला चढवला, बटणं ओढून पल्ला झुकवला, उभा केला, मग दोन्ही हातांनी वरची कड धरून अंगाचा सगळा भार टाकून ओढला. पल्ला जागचा हलला नाही.

ती पोरगी, शीतल, दारात उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, काडीसारखी, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिचा पेपर दुसरी मुलगी लिहून देत होती.

“ये वं बेटा,” सुगंधाबाई म्हणाली. “डावा हातघाई ओढी देख. आते नही पडनार.”

“मावशी, तुम्ही सांगता म्हणजे नाही पडणार,” शीतल म्हणाली. ती जागची हलली नाही.

तेव्हा सुगंधाबाईचं लक्ष खाटेकडं गेलं. खाट खिडकीखाली नव्हती. दाराशेजारच्या भिंतीला ओढून लावलेली, जिथं वारा पोचत नाही, दुपारी भट्टी होते. पोरगी तिथं आठवडाभर झोपत होती.

“खाट खिडकीखाले आनू का परत? मी उचलस.”

“नको मावशी. इथंच बरं आहे.”

सुगंधाबाईनं पेचकस पिशवीत टाकला. काढलेले एकशे अडुसष्ट स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत होते, ते तिनं बबलूच्या शर्टाच्या खिशात कोंबले, खिसा फाटेपर्यंत.

“तुन्हा मामाले दे. आनि जाताना त्या खाटकडे देखीसन जाय.”

बबलूनं मान खाली घातली आणि चालू लागला.

“देख म्हनं ना!” ती ओरडली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली.