न कापलेलं वेटोळं

हातात काहीही दिलं की अक्का ते आधी वाकवून बघायच्या. चमचा, सेफ्टीपिन, एकदा तर माझं कोरं पेन. "वाकंल ते टिकंल, साहेब," हे वर. ताठपणा त्यांना माणसातही खपायचा नाही, आणि मी पडलो डिप्लोमावाला सुपरवायझर. आमचं जमणार कसं?

तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात बर्फावर घसरायच्या खेळाचे हातमोजे? व्हय, तेच! आमच्या शेडमध्ये परदेशी गिऱ्हाइकासाठी ते शिवत होतो. बोटाच्या टोकाला शिवणीत लपवलेलं बटण, मनगटापाशी छोटी बॅटरी आणि दोन्हींना जोडणारी बारीक तार. हातमोजा न काढता बटण दाबायचं, की खिशातल्या फोनवर गाणं सुरू. आमच्यातल्या एकानंही बर्फ पाहिला नव्हता, उसाच्या रसातला सोडला तर.

अक्का हुपरीच्या. उभा जन्म पैंजणाच्या कड्या करण्यात गेलेला. मशीनवरचे पैंजण आले, घरचं काम आटलं, तशा त्या रोज एसटीनं आमच्याकडे शिलाईला येऊ लागल्या.

नमुना तपासायला आम्ही ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरलो. मी माकडटोपीत, अक्का नुसता पदर गुंडाळून. त्या मोजा घालून मूठ उघडमीट करत राहिल्या, आणि थोड्याच वेळात गाणं बंद. दुसरा जोड, तीच गत. पेरापाशी तार तुटत होती. मी जाड तार घातली, ती आणखी लवकर तुटली. गिऱ्हाइकानं निर्वाणीचं कळवलं, आठवड्यात टिकाऊ नमुना द्या, नाहीतर ऑर्डर रद्द. ऑर्डर गेली असती तर शेडला कुलूप आणि तीस बायका घरी.

"तार सरळ कशाला घालताय?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, हे इलेक्ट्रॉनिक्स हाय, पैंजण न्हवं!" मी खेकसलो.

त्यांनी विणायच्या सुईवर तार घट्ट गुंडाळली आणि सुई अलगद ओढून घेतली. "आमच्यात कड्या करताना असंच वेटोळं करत्यात, मग कापत्यात. तुमी कापू नका की! बोटासंगं ताणंल, परत मिटंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं सोपं, आणि मला सुचू नये?

पुन्हा कोल्ड स्टोरेज. उघडमीट मोजता मोजता मी आकडा विसरलो, अक्कांचे ओठ निळे पडले, पण गाणं काही थांबेना.

पुढे गिऱ्हाईक खऱ्याखुऱ्या डोंगरावरून व्हिडिओ कॉलवर आलं. पांढऱ्याशुभ्र उतारावर त्यानं बोट दाबलं आणि गाणं आमच्या शेडमध्ये घुमलं. बायकांनी असा गलका केला की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं धावत आली, कुणाला लागलं की काय म्हणून! मी सगळ्यांदेखत अक्कांच्या पाया पडलो.

"उठा," त्या म्हणाल्या, "आता एवढी वेटोळी कोण करणार, ते बोला."

आता अक्का शेडमध्ये येत नाहीत. वेटोळ्यांचं सगळं काम त्यांच्याच घरी असतं, आणि दर सोमवारी हुपरीची एसटी मी धरतो. परवा गेलो तर गल्लीतल्या नऊ बायका ओळीनं सुया घेऊन बसलेल्या.

"अक्का, आटपा की! टेम्पो खोळंबलाय तिकडं."

त्यांनी मान वर केली नाही. "बसा, पावणं. तपासल्याबिगर माझ्या घरातनं माल जात न्हाय."

मी गुमान पायरीवर बसलो. इतकं सुख मला सुपरवायझरच्या खुर्चीत कधी लाभलं नव्हतं.