मी काहीही खाल्लं नव्हतं

परवा दुपारी आमच्या चिकलठाण्याच्या घरात माझी चौकशी बसली. आरोप एकच... मी चोरून गोड खाल्लं.

बायपास होऊन महिना होत आलाय. छाती बरी आहे, पण पायाची शीर काढली तिथली जखम एका जागी अजून ओली आहे. डॉक्टरांनी बजावलंय, साखर ताब्यात राहिली नाही तर ती वाळणार नाही. आकडा तीनशेवर गेला तर लगेच फोन करा, परत ॲडमिट करावं लागेल.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. गाडी चालवायची नाही, जड उचलायचं नाही... माणसानं करायचं काय? दिवसभर गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. बायको म्हणते, "बसा की एका जागी. तुमच्याकडं बघून मलाच दम लागतोय."

त्या दिवशी सकाळी बहीण सोयगावहून सीताफळं घेऊन आली होती. माझ्यासाठी नाही, नातीसाठी. चांगली पिकलेली, हातात घेतली की उकलणारी.

जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असतं, म्हणून बायकोनं साखर मोजायचं मशीन काढलं. मी पंच्याला हात पुसून बोट पुढं केलं. आकडा आला तीनशे शहाऐंशी... सकाळी तर छान होता.

"काय खाल्लं?"

"काही नाही."

"खरं सांगा. मी काय डॉक्टरला सांगायची नाय."

"अगं, खाल्लंच नाही तर काय सांगू?"

मुलगी नातीला घेऊन माहेरपणाला आलीये. तिनं फ्रिज बघितला, डबे बघितले, शेवटी माझ्या शर्टाचा खिसाही बघितला. आता बोला.

बायकोनं माळ्यावरून दवाखान्याची पिशवी काढली आणि चादर, टॉवेल भरायला लागली. ती पिशवी बघून आयसीयूतले ते दिवस आठवले, नळ्या, मशीनचे आवाज... मला परत तिथं जायचं नव्हतं. खरं सांगतो, घाबरलो होतो.

घाबरलो की मी चिडतो. "दे चार युनिट जास्त टोचून आणि मिटव एकदाचं," असं म्हणालो. तिनं इन्सुलिनचं पेन हातात घेतलंही होतं, पण मुलगी म्हणाली, थांब, आधी डॉक्टरांना विचारू. तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "हात धुतले होते का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता सांगणं भाग होतं... नातीला सीताफळाच्या बिया मीच काढून दिल्या होत्या. बोटांनी गर काढून भरवला होता तिला. पण सीताफळाला हात लावला म्हटलं असतं, तर या घरात माझं कोण ऐकणार होतं?

डॉक्टर म्हणाले, बोटाला लागलेली फळाची साखरच मशीननं मोजली असेल, साबणानं हात धुवा, कोरडे करा, परत बघा. आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून जास्तीचं इन्सुलिन घेतलं असतं, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतलं असतं. बायकोनं हातातलं पेन हळूच टेबलावर ठेवलं.

हात खसाखसा धुतले. तिनं मशीनला नवीन पट्टी लावली. आकडा आला... एकशे बावन्न.

मुलीच्या मनातून तरी शंका जाईना. "बाबा, खरंच थोडंसुद्धा नाही चाखलं?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोच बोलली. "नाय खाल्लं त्यांनी. नुसतं बोट जरी चाटलं असतं, तर बोटावर एवढं राहिलं असतं का?"

सीताफळ म्हणजे माझा जीव की प्राण, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

तिनं पिशवीतली चादर काढून घडी करून ठेवली आणि पानं वाढायला घेतली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो... आणि महिन्याभरात पहिल्यांदा एका जागी बसून राहिलो.